तिरक्या टेपवरच्या एकवीस किनारी

जागेश्वर नागपुरात आमच्या प्रतापनगरच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहायला आला ते साल चौऱ्याऐंशी. हातगाडीवरून आधी उतरला तो त्याच्या आईचा, मैनाबाईंचा, सुताच्या कांड्या भरायचा रहाट. त्यामागून तारांनी ठासून भरलेली लोखंडी पेटी. घरात माग उरला नव्हता, सूत नव्हतं, तरी रहाट आला होता. आणि तारा कशासाठी म्हणून विचारलं तर तिशीतला तो काटकुळा, सावळा माणूस लाजून म्हणाला, "कंप्युटर बनवून राहिलो, वैनी."

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली. कॉम्प्युटर थंडगार खोलीत ठेवतात, पांढरे कोट घातलेली माणसं त्याच्या आसपास फिरतात, एवढंच मासिकात वाचलेलं. म्हटलं, "इथे? पत्र्याखाली? मे महिन्यात?"

"त्याले काय होते वैनी, उकाड्यानं झोप नाही आली तर आमाले नाही येत."

मैनाबाई रहाट उचलून आत नेत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "त्याच्या नादी नोका लागू, बाई. थो रेडिओशीबी बोलते."

गोळीबार चौकातलं त्यांचं घर विणकरांचं. जागेश्वरचे वडील देवराव दोन हातमाग चालवायचे. यंत्रमागाचं कापड आलं, तसा आधी एक माग थांबला, मग दुसरा, आणि वर्षभरात देवरावही गेले. जागेश्वरने आयटीआयमध्ये रेडिओचं काम शिकून सीताबर्डीवरच्या एका दुरुस्तीच्या दुकानात नोकरी धरली होती. दिवसभर लोकांचे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर नीट करायचे, आणि घरी येऊन हात-पाय धुतले की स्वतःचं काम.

त्याचं काम मी मागच्या ओट्यावर धान्य निवडता निवडता पाहिलेलं आहे. एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकात छापलेला नकाशा त्याने भिंतीला चिकटवला होता. मुख्य चिप दिल्लीहून टपालाने आली. ती आली त्या दिवशी त्याने मला बोलावून दाखवली. झुरळाएवढी वस्तू, पाय मात्र चाळीस. अक्षरांच्या कळा तारघरातून भंगारात निघालेल्या एका जुन्या यंत्राच्या. पडदा म्हणजे लहानसा काळा-पांढरा टीव्ही. आणि हे सगळं ज्या खोक्यात बसवलं, ते खोकं देवरावांच्या मागाच्या फळीचं. वर्षानुवर्षं हात लागून ती फळी अशी गुळगुळीत झाली होती की तिला पॉलिशची गरज पडली नाही.

त्याची एक रीत मला फार आवडायची. काही बिघडलं की तो एका वेळी एकच गोष्ट बदलायचा. एक तार बदलली की पाहायचं. नाही झालं तर ती पुन्हा होती तशी लावायची आणि मगच दुसरीला हात. मी एकदा म्हटलं, "अरे, दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर लवकर होईल."

"होईल ना वैनी. पण कायच्यानं झालं थे नाही समजणार. ताण्याचे दहा धागे तुटले तर माहा बाप दहाही एकदम नाही बांधे."

तेव्हापासून माझं इडलीचं पीठ फुगलं नाही की मीही एकच गोष्ट बदलून पाहते. आमचे हे हसतात, पण इडली खातात.

शहाऐंशीच्या जानेवारीत पडद्यावर पहिलं अक्षर उमटलं. सगळ्यांना बोलावणं झालं. मैनाबाई पदराला हात पुसत आल्या, पडद्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"दीड वर्ष खपून एक अक्षर?"

"माय, हे पहिलं आहे."

"माहं पोट्टं दीड वर्षाचं होतं तवा दहा शब्द बोले," त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन सगळ्यांसाठी गूळ घेऊन आल्या.

या यंत्राची एक खोड होती. वीज गेली की ते सगळं विसरायचं. आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज किती वेळा जाते ते काय सांगावं. म्हणून जे जपून ठेवायचं ते कॅसेटवर उतरवावं लागे. यंत्र आपली माहिती आवाजात बदलून टेपरेकॉर्डरला ऐकवायचं आणि पुन्हा हवी असली की टेपरेकॉर्डर तोच आवाज यंत्राला ऐकवायचा. आधी एक लांबलचक शिट्टी, मग कढईत मोहरी तडतडावी तशी खरखर. दोन-तीन मिनिटं चालायचं ते. यंत्राने नीट ऐकलं तर पडद्यावर "ओके" यायचं. नाही तर "एरर".

टेपरेकॉर्डर भंगारातूनच उचललेला. त्यावर मैनाबाई दुपारी आपली भजनाची कॅसेट लावायच्या आणि रोज तक्रार करायच्या, "जागू, हे भजनवाले गोधडी पांघरून गाऊन राहिले का गा?" आवाज खरंच दबका यायचा, टाळ तर ऐकूच यायचे नाहीत. जागेश्वर म्हणायचा, "पाहतो माय, सवड झाली का."

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका रविवारी धोंडबा आले. देवरावांच्या शेजारच्या मागावर उभी हयात काढलेले, सत्तरीच्या पुढचे, हात थरथरायला लागलेले आणि डोळ्यांत मोतीबिंदू. सोबत त्यांची मुलगी सिंधूताई. चाळिशीची, बोलायला कमी. गोळीबार चौकात अजूनही माग चालवणाऱ्या थोड्या घरांपैकी त्यांचं एक. आता मागावर सिंधूताई बसायची.

जुन्या गोष्टी निघाल्या. देवरावांचा माग म्हणे तिरका होता. एका बाजूचा खांब खचलेला, त्यामुळे धागे ठोकणारी फणी जराशी कलून बसायची. सगळा मोहल्ला हसायचा, पण देवरावांचा हात त्या तिरकेपणाला असा बसला होता की लुगडं सुतासारखं सरळ निघायचं.

"अन् मैनावैनीचा भाऊ आला एकदा, नत्थू," धोंडबा हसायला लागले. मैनाबाईंनी कपाळाला हात लावला. "देवराव बाजारात गेलता. नत्थूनं पाहलं, माग वाकडा आहे. बहिणीच्या घरी आलो तर काही काम करावं. ठोकली पाचर, केला खांब सरळ. मागावर लुगडं अर्धं होतं, बाप्पा! देवराव येऊन बसला, अन् बाकीचं विणलं तर अर्धी किनार नागपूरले अन् अर्धी उमरेडले!"

"पुरे ना आता," मैनाबाई म्हणाल्या. "मेला बिचारा थो."

"मेला म्हणूनच सांगून राहिलो. जिता असता तर सांगू देला असता का त्यानं?"

नंतर धोंडबांना यंत्र दाखवलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. पडद्यावर ठिपके होते, काही उजळलेले, काही काळे. त्यांनी विचारलं, "याले किनार समजते का गा?"

जागेश्वर आधी हसला. मग थांबला. किनार विणताना प्रत्येक ओळीला काही धागे उचलायचे असतात आणि काही सोडायचे असतात. उचललेला धागा म्हणजे उजळ ठिपका, सोडलेला म्हणजे काळा. धोंडबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या एकवीस किनारी होत्या, सगळ्या त्यांच्या डोक्यात, आकड्यांच्या तालावर बसवलेल्या. विणलेली लुगडी कधीच विकली गेली होती. विणकराच्या घरात त्याचं स्वतःचं कापड राहत नाही. सिंधूताईच्या हातात त्यातल्या चार-पाचच आल्या होत्या. बाकीच्या शिकवायच्या आधीच म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले.

मग दर रविवारी धोंडबा सिंधूताईसोबत सायकलरिक्षाने यायला लागले. खाटेवर डोळे मिटून बसायचे आणि मांडीवर ताल धरून सांगायचे, "दोन उचल, तीन सोड, एक उचल, एक सोड, एक उचल..." जागेश्वर पाटीवर खडूने लिहून घ्यायचा. एक किनार झाली की कळा दाबून यंत्रात भरायचा, पाटी पुसायचा, आणि दुसरी. पडद्यावर पूर्ण किनार आली की म्हातारा पडद्याला नाक लावायचा.

"हे माही चिंचपाला व्हय." आणि क्षणभराने, "तिसऱ्या ओळीत एक धागा चुकला तुहा."

चुकलेला असायचा. दर वेळी.

चिंचपाला, बैलडोळा, सातपायरी. नावंही त्यांनीच दिलेली. श्रावणापर्यंत एकवीस झाल्या. जागेश्वरने त्या एका कॅसेटवर उतरवल्या आणि खात्रीसाठी दुसऱ्या कॅसेटवरही उतरवल्या. दोन्ही पुन्हा यंत्राला ऐकवून पाहिल्या. ओके, ओके. पाटी पुसताना मी एकदा म्हटलं होतं, "एखाद्या वहीत लिहून ठेव ना रे."

"वहीले वाळवी लागते, वैनी. हे दोन-दोन ठिकाणी आहे."

मला पटलं. त्यामुळे दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारायला मी तयार नाही.

भाद्रपदात धोंडबा गेले. महिनाभर जागेश्वरने यंत्राला हात लावला नाही. मग दसरा आला. विणकराच्या घरात खंडेनवमीला माग धुवून पुसून त्याची पूजा करायची रीत. माग नसला तरी रीत होतीच. जागेश्वरने यंत्र पुसलं, कळांमधली धूळ काढली, आणि आईची तक्रार आठवून टेपरेकॉर्डर उघडला. टेप ज्या इवल्याशा तुकड्यावरून घासत जाते, ज्याला हे लोक हेड म्हणतात, तो तुकडा कलून बसला होता. बाजूला एक पेच होता. भजनाची कॅसेट लावून, बारीक पेचकसाने तो फिरवत फिरवत जागेश्वरने हेड सरळ केलं. एकदम टाळ वाजायला लागले. मैनाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"आले वं बाप्पा, गोधडीतून बाहेर आले!"

मग टेपरेकॉर्डरला हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. मी स्वतः पाहिलं आहे ते.

दिवाळी झाल्यावर सिंधूताई आली. चेहऱ्यावर कधी नव्हे ती घाई. "जागूभाऊ, विणकर सोसायटीनं सांगतलं, बाबाच्या किनारीची लुगडी विणायले घेतो. नमुना पुनवेच्या आत पाह्यजे. आधी सातपायरी. म्या हो म्हणून आली."

"बसा ना ताई. आत्ता काढून देतो."

त्याने कॅसेट घातली. शिट्टी झाली, खरखर झाली. पडद्यावर आलं, एरर.

"होते असं कधी कधी," तो म्हणाला. पुन्हा लावली. एरर. दुसरी कॅसेट लावली. एरर. सिंधूताई पडद्याकडे पाहत होती. तिला तो शब्द वाचता येत नव्हता, पण जागेश्वरचा चेहरा वाचता येत होता. तो म्हणाला, "तुमी रविवारी या. मी पाहतो."

पुढचे पाच दिवस त्याने जे केलं ते मी लिहून ठेवावं असंच आहे. सकाळी दुकानात जायच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास. पाटीवर यादी करायचा, आणि या वेळी पाटी पुसत नव्हता. आधी हेड स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. मग आवाजाचं बटण. ते केसभर फिरवायचा आणि कॅसेट लावायचा; पुन्हा केसभर. बटण कुठे होतं ते कळायला खूण हवी म्हणून माझी नखाला लावायची लाल पॉलिश मागून नेली. "वैनी, एक थेंब." बटणाभोवती लाल ठिपक्यांची माळ झाली. मग खर्ज-तीव्र करायचं बटण. मग विजेऐवजी सेलवर. मग जोडणारी तार बदलली. कॅसेटचं खोकं उघडून त्यातली टेप, श्वास रोखून, नव्या खोक्यात बसवली. ते काम करताना मैनाबाईंनी भांडं आपटलं, तर मीच त्यांना गप्प केलं.

एरर. एरर. एरर.

मग त्याने फार शहाणपणाची तपासणी केली, आणि तिनेच त्याचा घात केला. एक नवी छोटी किनार यंत्रात भरली, नव्या कॅसेटवर उतरवली आणि पुन्हा यंत्राला ऐकवली. ओके! दहा वेळा ओके. म्हणजे यंत्र ठीक, टेपरेकॉर्डर ठीक, तार ठीक. शुक्रवारी संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर येऊन बसला.

"वैनी, मशीनमध्ये काही नाही. कॅसेटच खराब झाल्या. दोन्ही. उन्हानं, का पावसाच्या ओलीनं, थे माहीत नाही."

"मग?"

"मंग काही नाही." तो बोटाला लागलेली लाल पॉलिश खरवडत होता. "म्हाताऱ्यानं तीन महिने बसून सांगतलं. मी पाटी पुसून राहिलो होतो."

मी म्हटलं, "सिंधूताईला म्हण ना, अजून थोडा वेळ दे."

"वेळ देऊन का होते? त्या सोसायटीले हो म्हणून आल्या. खरं सांगावं लागन."

आमचे हे, जे एरवी त्याची थट्टा करायचे, त्या दिवशी म्हणाले, "तू अंदाजाने एखादी किनार बनवून दे. कोणाला कळतंय?"

जागेश्वरने मान वर केली. "मले कळन ना, भाऊसाहेब." एवढंच. त्यानंतर आमच्या ह्यांनी त्याची थट्टा केलेली मी ऐकली नाही.

रविवारी सकाळी सिंधूताई आली. मीही चहा घेऊन मागे गेले होते. जागेश्वर उभाच होता. तिने बसायच्या आधीच तो म्हणाला, "ताई, किनारी गेल्या. माह्याच्यानं गेल्या."

ती खाली बसली. रडली नाही. एवढंच बोलली, "पाटी काहून पुसली गा?"

मैनाबाईंना ते सोसवेना. त्यांनी उठून आपली भजनाची कॅसेट लावली. निदान देवाचं नाव तरी. टाळ घुमले.

सिंधूताईने डोळे पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, "नवा टेप घेतला का, काकू? लय साफ वाजून राहिला. बाबा येत होते तवा तर काहीच नव्हतं समजत."

"नवा कायचा वं. थोच आहे. वाकडा होता मेला, जागूनं दसऱ्याले सरळ केला."

असं म्हणून मैनाबाई थांबल्या. हात टेपरेकॉर्डरवर तसाच. त्या मुलाकडे वळल्या.

"जागू. धोंडबाच्या किनारी भरल्या तवा हा टेप वाकडा होता का सरळ?"

"वाकडा."

"अन् आता सरळ आहे."

"हाव."

"म्हणजे माह्या नत्थूनं केलं, थेच केलं तू! लुगडं अर्धं मागावर अन् माग सरळ केला!"

जागेश्वरने कपाळावर असा हात मारून घेतला की माझ्या हातातला चहा सांडला.

"माय! वाकड्यानं लिहिलं थे सरळ्याले कसं वाचता येईन?"

मला समजेना, तेव्हा त्याने घाईघाईत समजावलं. हेड कललेलं होतं तेव्हा टेपवर आवाज कललेलाच उतरला. तेच कललेलं हेड तो वाचायचं, म्हणून श्रावणात ओके यायचं. बाजारची भजनं सरळ हेडवर भरलेली, म्हणून ती मात्र गोधडीत. दसऱ्याला हेड सरळ झालं, भजन बाहेर आलं आणि किनारी गोधडीत गेल्या. कॅसेट चांगल्या होत्या. यंत्र चांगलं होतं. दोघांचा फक्त कल जुळत नव्हता. आणि परवाची नवी कॅसेट सरळ हेडवरच भरली, सरळ हेडवरच वाचली, म्हणून ओके.

"म्हणजे पुन्हा बिघडवायचा?" मी विचारलं.

"हाव वैनी. होता तसाच. पण किती होता थे कोठी लिहून ठेवलं?"

मोजमाप कुठेच नव्हतं. होता तो कान. त्याने धोंडबांची कॅसेट घातली, यंत्राची तार काढून टाकली आणि आवाज खोलीभर सोडला. शिट्टी ऐकू आली, पण भिंतीपलीकडून आल्यासारखी. त्याने पेचकस पेचावर टेकवला आणि डोळे मिटले. मला वाटलं, धोंडबा असेच खाटेवर डोळे मिटून बसायचे.

पेच केसभर फिरला. शिट्टी आणखी दबली. "उलटं," मैनाबाई म्हणाल्या. त्याने उलटा फिरवला. जराशी उघडली. आणखी. आणखी. दोन्ही बायका पुढे वाकून ऐकत होत्या. सुताचा ताण बोटांनी ओळखणाऱ्या बायका, आता कानांनी ओळखत होत्या. एका ठिकाणी शिट्टी कानात सुई टोचावी तशी लख्ख झाली.

"येठीच!" सिंधूताई ओरडली.

"थांब वं," मैनाबाई म्हणाल्या. "पुढं जाऊन पाहू दे. मंग वापस."

तो पुढे गेला, शिट्टी मळली. मागे आला, उजळली. तिथे थांबून त्याने तार यंत्राला जोडली आणि कॅसेट सुरुवातीपासून लावली. दोन मिनिटं खरखर. कोणी चहाला हात लावला नाही. शेवटी शेवटी पडद्यावर आलं, एरर.

सिंधूताईचा चेहरा उतरला. जागेश्वरचा मात्र फुलला. "ताई, पहिल्यांदा इतकं पुढं गेलं! आधी सुरुवातीलेच मरत होतं." पेचाला अगदी श्वासाएवढा हात लावला. पुन्हा शिट्टी, पुन्हा खरखर.

ओके.

त्याने एक कळ दाबली आणि पडद्यावर पायऱ्या उभ्या राहिल्या. सात वर, सात खाली, मधे एकेक ठिपक्याचं अंतर. सिंधूताई पुढे सरकली. वाचता न येणाऱ्या त्या बाईने पडद्यावर बोट ठेवलं आणि ओळीमागून ओळ म्हणायला लागली, "दोन उचल, तीन सोड, एक उचल..."

मी घरात पळत गेले आणि माझी पदार्थांची वही घेऊन आले. मागची अर्धी कोरी होती. म्हटलं, "सांग गं ताई, मी लिहिते." अनारशांच्या मागच्या पानावर सातपायरी सुरू झाली. ती सांगायची, मी लिहायची, मैनाबाई ओळी मोजायच्या, जागेश्वर एकेक किनार पडद्यावर आणायचा. अकरावी किनार चालू असताना वीज गेली. पडदा काळा झाला. यंत्र सगळं विसरलं.

आम्ही तिघी त्याच्याकडे पाहायला लागलो. आठवडाभरात पहिल्यांदाच तो हसला.

"जाऊ द्या ना. रस्ता माहीत झाला आता. चहा तरी गरम करा."

वीज आली, कॅसेट पुन्हा लावली, ओके आलं. सूर्य मावळायच्या आत एकवीस किनारी वहीत होत्या. जाताना सिंधूताई दारात थांबली. "जागूभाऊ, म्या तुमाले सकाळी पाटीचं बोलली."

"बरोबर बोलल्या ताई. नसत्या बोलल्या तर मायनं भजन नसतं लावलं."

पुनवेच्या आत नमुना सोसायटीत पोचला. सातपायरीचं पहिलं लुगडं मागावरून उतरलं तेव्हा सिंधूताईने त्याच ताण्यावर हातभर जास्त विणलं होतं. तो तुकडा तिने जागेश्वरला आणून दिला. विणकराच्या घरात स्वतःचं कापड राहत नाही, असं मी वर लिहिलं. जागेश्वरच्या घरात ते आता हातभर आहे.

जागेश्वरने तो टेपरेकॉर्डर पुन्हा सरळ केला नाही. किनारी सरळ टेपवर उतरवून घ्यायला त्याला कितीसा वेळ लागला असता? तसं त्याने केलंही, पुढे आणलेल्या दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर. पण हा पहिला आहे तसा ठेवला. पेचावर माझ्या लाल पॉलिशचा जाड थेंब आहे, फिरू नये म्हणून. मैनाबाईंच्या भजनासाठी त्याने भंगारातून दुसरा टेपरेकॉर्डर उचलून आणून नीट केला, आणि त्या आता शेजारच्या बायकांना सांगतात, "आमच्या घरी दोन आहेत. येक देवाचा, येक धोंडबाचा."

दुसऱ्या वर्षीच्या दसऱ्याला मी पुरणाचं ताट घेऊन मागे गेले होते. जागेश्वर टेपरेकॉर्डरवरचा सातपायरीचा तुकडा बाजूला करून धूळ पुसत होता. पेचकस समोर होता. मैनाबाई कमरेवर हात ठेवून त्याच्या मागे उभ्या होत्या.

"वरून वरून पुसजो, जागू."

"हाव माय."

"अन् थो पेचकस इकडं दे."

त्याने मुकाट्याने दिला. त्यांनी तो पदराच्या गाठीत खोचला आणि मग कुंकवाची कोयरी पुढे केली.